बूट चावण्याआधी आणि चावल्यावर: पायाच्या फोडांचं काय करायचं?

आधी एक छोटा प्रयोग करून बघा. डाव्या हाताच्या पंज्याच्या पाठीवर उजव्या तर्जनीचं टोक घट्ट टेकवा आणि बोट घसरू न देता पुढे-मागे हलवा. कातडी बोटाबरोबर जाते, आतलं हाड जागचं हलत नाही आणि मधल्या थरांची ओढाताण होते. बुटात याच्या उलट घडतं. मोजा आणि बूट कातडीला धरून ठेवतात आणि हाड आत पुढे-मागे होत राहतं. तासभर चाललात तर ढोबळमानाने एकेका पावलाची तीन हजार वेळा तरी अशी ओढाताण होते. शेवटी कातडीच्या वरच्या भागातले थर एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. हाच फोड.

म्हणजे ‘घासून घासून फोड आला’ हे आपलं नेहमीचं वाक्य अर्धंच खरं आहे. नुसतं घासलं तर कातडी सोलवटते. फोड येतो तो आतून, तोही जिथे कातडी जाड आणि चिवट असते तिथे: टाच, चवडा, अंगठ्याची कड, करंगळी. हे एकदा लक्षात आलं की पुढचे बरेचसे उपाय आपोआप उलगडतात. पाऊल बुटात कमी हललं पाहिजे, कातडीला मोजा कमी चिकटला पाहिजे, आणि एकाच जागी दाब येत राहता कामा नये.

बूट घेताना

बूट संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाऊल थोडं सुजतं आणि लांब चालताना तर नक्कीच सुजतं. जे मोजे घालून चालणार तेच नेऊन घाला. दोन पावलं क्वचितच सारखी असतात, त्यामुळे मोठ्या पावलाचं माप धरा. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. नसेल तर उतारावर बोटं पुढे आपटून नखाखाली फोड येतात, आणि तो फोड सगळ्यांत वाईट.

रुंदी तपासायला एक सोपी युक्ती आहे. बुटातला इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. करंगळी किंवा अंगठ्याची कड इनसोलबाहेर सांडत असेल तर तो बूट अरुंद आहे, विक्रेता ‘वापरून सैल होईल’ म्हणाला तरी. बूट थोडा मऊ होतो, पण पावलाच्या मापाचा होत नाही.

नवीन बूट आधी घरात, मग दोन-तीन किलोमीटर, मग पाच-सहा, असा वाढवत न्या. शर्यतीच्या किंवा मोठ्या चालीच्या दिवशी कोरा बूट घालणं म्हणजे फोडाला आमंत्रणच.

नाडीची एक गाठ

टाचेवर वारंवार फोड येत असेल तर नवीन बूट घेण्याआधी हे करून बघा. पळायच्या बहुतेक बुटांना घोट्याजवळ एक जादा भोक असतं, थोडं मागे सरकलेलं. आपण ते कधीच वापरत नाही. नेहमीच्या वरच्या भोकातून बाहेर आलेली नाडी त्याच बाजूच्या त्या जादा भोकात बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका. बाहेर छोटा फासा राहू द्या. दुसऱ्या बाजूलाही तसंच करा. मग उजवं टोक डाव्या फाशातून आणि डावं टोक उजव्या फाशातून काढा, दोन्ही टोकं खाली ओढून फासे आवळा आणि नेहमीसारखी गाठ मारा. टाच बुटाच्या मागच्या भागात बसते आणि वर-खाली होत नाही, शिवाय चवड्यावर नाडी सैल ठेवता येते. बांधताना टाच जमिनीवर मागे दोनदा ठोकून घ्या, नाहीतर पाऊल पुढे सरकलेलं असतानाच तुम्ही ते आवळाल.

मोजे आणि घाम

सुती मोजे लांब चालीसाठी टाळा. सूत घाम शोषतं, पण सोडत नाही. ओली कातडी मऊ पडते आणि मोज्याला जास्त चिकटते. पॉलिएस्टर, नायलॉन किंवा बारीक मेरिनो लोकर मिसळलेले मोजे घाम बाहेर सरकवतात. दोन मोजे एकावर एक घालायची जुनी पद्धत चांगली आहे: आतला पातळ, बाहेरचा जाड. त्यामुळे सरकणं मोज्या-मोज्यांत होतं, कातडीत नाही. फक्त बुटात तेवढी जागा हवी, नाहीतर दाब वाढून उलटच होईल. बोटाबोटांमध्ये फोड येत असतील तर पाच बोटांचे वेगळे कप्पे असलेले मोजे वापरा. ते दिसतात विनोदी, पण काम करतात.

लांबच्या चालीत एक कोरडी जोडी सोबत असू द्या आणि अर्ध्यावर मोजे बदला. बूट काढून पाच-दहा मिनिटं पाय वाऱ्यावर सोडा. घालताना मोज्याची एकही सुरकुती राहू देऊ नका आणि बूट उलटा करून झटका. वाटाण्याएवढा खडा सहज कळतो, पण रवाळ वाळू कळत नाही आणि घोळ तीच घालते.

ज्यांच्या तळव्यांना फार घाम येतो ते घाम रोखणारं औषध वापरू का, असं विचारतात. १९९८ साली अमेरिकेच्या लष्करी अकादमीतल्या कॅडेटांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ॲल्युमिनियम क्लोराइडचं वीस टक्के द्रावण निदान तीन रात्री पायाला लावून त्यांना २१ किलोमीटर चालवलं. औषध लावलेल्यांत २१ टक्क्यांना फोड आले, औषध नसलेलं नुसतं द्रावण लावलेल्यांत ४८ टक्क्यांना. आकडा छान आहे, पण औषधवाल्यांपैकी ५७ टक्क्यांच्या कातडीची आग झाली. म्हणून हा उपाय मी सरसकट सुचवणार नाही.

पावडर सुरुवातीला बरी वाटते, मग घामाने तिचे गोळे होतात. पेट्रोलियम जेलीने पहिला तास-दीड तास पाय सरकता राहतो, नंतर तिचा असर ओसरतो आणि पुन्हा लावावी लागते. छोट्या पळण्याला ठीक, दिवसभराच्या चालीला त्रासाची. आणि जेली लावलेल्या जागी कुठलीच पट्टी चिकटत नाही, त्यामुळे दोन्हींपैकी एकच निवडा.

कागदी पट्टी

माझा भरवसा यावर आहे. औषधांच्या दुकानात मिळणारी पांढरी, कागदासारखी पातळ सर्जिकल टेप. स्वस्त, मऊ, आणि काढताना कातडी सोबत घेऊन येत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले डॉक्टर ग्रँट लिपमन आणि सहकाऱ्यांनी २५० किलोमीटरच्या, अनेक दिवस चालणाऱ्या शर्यतीतल्या १२८ धावपटूंवर तिचा प्रयोग केला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. पायाच्या काही जागी पट्टी लावली, त्याच पायाच्या बाकीच्या जागा उघड्या ठेवल्या. पट्टीखाली फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं.

लावायची ती निघण्याआधी, कोरड्या पायावर, आणि जिथे तुम्हाला दरवेळी फोड येतो तिथेच. एकच थर, सुरकुती नको, कोपरे कात्रीने गोल कापलेले. चौकोनी कोपरा मोज्यात अडकून उचकटतो आणि मग ती गुंडाळीच नवा फोड करते. बोटाला लावायची तर आवळून वेटोळं घालू नका, बोट सुजायला जागा राहू द्या.

चुरचुर सुरू झाली की थांबा

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. फोड अचानक येत नाही. आधी ती जागा गरम लागते, मग चुरचुरते, हात लावला तर हुळहुळी वाटते. ही पंधरा-वीस मिनिटं तुमच्या हातात असतात.

मी माझ्या पहिल्या अर्धमॅरेथॉनमध्ये ती घालवली. नवव्या किलोमीटरला उजव्या टाचेच्या आतल्या बाजूला गरम वाटू लागलं. खिशात टेप होती. पण वेळ चांगली चालली होती, बाजूचे पुढे जातील या विचाराने मी थांबलो नाही. तेराव्याला पाऊल वाकडं टाकत होतो, सोळाव्याला काहीतरी ओलं फुटल्यासारखं झालं, आणि उरलेले पाच किलोमीटर लंगडत काढले. दोन मिनिटं वाचवायला गेलो आणि वीस घालवली. वाकडं चालल्यामुळे डावा गुडघा आठवडाभर दुखला तो वेगळाच.

थांबायचं म्हणजे काय करायचं? बूट-मोजा काढा, जागा पुसून कोरडी होऊ द्या, कागदी पट्टी लावा, मोजा बदला किंवा निदान उलटा करून पिळून घाला, नाडी पुन्हा बांधा. पाच मिनिटांचं काम आहे.

फोड आलाच तर

पहिला प्रश्न, फोडायचा की नाही. लहान असेल, दुखत नसेल, तर हात लावू नका. वरची कातडी हीच सर्वांत चांगली मलमपट्टी असते आणि आतलं पाणी काही दिवसांत जिरतं. जाड फेल्टचा (दाबून केलेल्या लोकरीसारख्या कापडाचा) तुकडा घेऊन त्याला मध्ये फोडाएवढं भोक पाडा आणि मेदूवड्यासारखं ते कडं फोडाभोवती चिकटवा. दाब कड्यावर जातो, फोडावर नाही.

टरारून फुगलेला असेल, बूट घालता येत नसेल किंवा तसाही वाटेत फुटणारच असेल, तर पाणी काढलेलं बरं. पण मधुमेह असेल, पायातला रक्तपुरवठा कमी असेल किंवा पायाला बधिरपणा असेल तर सुई हातात घेऊ नका, सरळ डॉक्टरकडे जा. आत रक्त दिसत असलेला फोडही फोडू नका.

पाणी काढायचं ते असं:

१. हात आणि पाय साबणाने धुवा, कोरडे करा.

२. सुई स्पिरिटने पुसा. काडीपेटीच्या ज्योतीवर धरली तर टोकावर काजळी बसते, तीच आत जाते.

३. फोडाच्या कडेला, तळाशी, दोन-तीन छोटी भोकं पाडा. मधोमध नको. चालताना दाबाने पाणी बाहेर पडेल अशा बाजूला पाडली तर उत्तम.

४. स्वच्छ गॉजने हलकेच दाबून पाणी टिपा. वरची कातडी कापू नका, ओढू नका, नुसती खाली बसवा.

५. गॉज किंवा न चिकटणारी पट्टी लावा, रोज बदला, ओली झाली तर लगेच.

पहिल्या दिवसात पाणी पुन्हा भरतं, त्याने घाबरू नका. तसंच पुन्हा काढा. सुईत दोरा ओवून तो फोडातून आरपार ठेवून द्यायची जी पद्धत अनेक जुने भटके सांगतात, ती मला पटत नाही. पाणी बाहेर यायला वाट होते हे खरं, पण त्याच वाटेने मळही आत जातो.

कातडी निघून खालची लाल, ओली जागा उघडी पडली असेल तर पाणी आणि साबण पुरेसे आहेत. त्यावर स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका, झोंबतं आणि नवीन पेशींनाही इजा करतं. टूथपेस्टही नको. अशा उघड्या जागेवर हायड्रोकोलॉइडची, म्हणजे ओलावा शोषून जेलीसारखी होणारी, जाडसर पट्टी उत्तम बसते. खालचा ओलावा शोषून ती पांढरी, फुगीर होते, ते बघून बरेच जण घाबरून उचकटतात. उचकटू नका. कडा सुटेपर्यंत दोन-तीन दिवस राहू द्या. मात्र जागा चिघळलेली असेल तर ती लावायची नाही.

चिघळणं ओळखायचं कसं? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी ठणका वाढतो, भोवती लाली पसरते, पाण्याऐवजी पू दिसतो. पायावरून वर चढणारी लाल रेघ दिसली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा १९२४ च्या जूनअखेरीस मोजे न घालता टेनिस खेळला. बोटाला फोड आला, त्यातून जंतू रक्तात गेले आणि ७ जुलैला तो वारला. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. आता आहेत, पण वेळेत घेतली तरच त्यांचा उपयोग.

पुन्हा चालायला लागताना

साध्या फोडाची नवी कातडी साधारण तीन ते सात दिवसांत धरते. ती गुलाबी आणि नाजूक असते, दोन-तीन आठवडे तरी तिथे कागदी पट्टी लावून निघा. लंगडावं लागतंय तोवर पळू नका. घट्टे फार जाड झाले असतील तर अंघोळीनंतर प्यूमिस दगडाने थोडे घासा, पण पूर्ण काढू नका. जाड घट्ट्याखाली फोड आला तर त्यातलं पाणी काढणं फार अवघड जातं.

आणि तोच बूट पुन्हा घालण्याआधी त्यात हात घालून, डोळे मिटून, जिथे फोड आला नेमक्या त्या जागी बोट फिरवा. माझ्या बुटात टाचेच्या अस्तराची शिवण उसवून तांदळाएवढी गाठ वर आली होती. डोळ्यांना ती कधीच दिसली नव्हती.