कौलारू घरात एसी: आधी छप्पर, मग खोली, शेवटी मशीन

ठाण्यात चरई, खारकर आळी, चेंदणी कोळीवाडा आणि नवी मुंबईत दिवाळे, सारसोळे, करावे अशा गावठाणांमध्ये जुन्या धाटणीची घरं अजून तग धरून आहेत. बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज तर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात मुद्दाम उतरत्या कौलांचं आणि अंगणांचं म्हणून रचलं. अशा घरांत राहणाऱ्यांना एप्रिल उजाडला की एकच प्रश्न पडतो, एसी लावायचा तर घराचं रूप न बिघडवता कसा लावायचा?

ही घरं वारा खेळता राहील अशा बेताने बांधलेली असतात. कौलांच्या फटी, दारांवरची जाळी, समोरासमोरच्या खिडक्या या सगळ्यांतून हवा सतत ये-जा करते. एसीला मात्र बंद खोली लागते. या दोन्ही गोष्टी सगळ्या घरात एकाच वेळी साधत नाहीत. म्हणून माझं ठाम मत असं की झोपायची एक खोली, फार तर दोन, घट्ट बंद करून गार कराव्यात आणि ओटी, माजघर, पडवी आहे तशी मोकळी ठेवावी. सगळं घर काचा लावून बंद करण्याचा हट्ट धरला की वीजबिल वाढतंच, शिवाय लाकूडही कुजायला लागतं.

कूलरचा विचार सोडून द्या. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तो छान चालतो, कारण पाण्याची वाफ होताना हवा गार होते. खाडीकाठच्या दमट हवेत ती वाफच नीट होत नाही, घरात फक्त ओल वाढते.

पहिलं काम छपराचं

मंगलोरी कौलं दिवसभर तापतात आणि संध्याकाळी ती धग खाली सोडतात. ती थांबवल्याशिवाय मशीन घेऊ नका. निवडलेल्या खोलीवर तक्तपोशी, म्हणजे कौलांखालचं फळ्यांचं सपाट छत, असेल तर उत्तम. नसेल तर वाशांच्या खालच्या अंगाला लाकडी फळ्यांची किंवा सिमेंट बोर्डाची तक्तपोशी करून घ्या. तिच्यावर ग्लासवूल किंवा रॉकवूलचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंचा, दोन इंची थर अंथरा. चांदीसारख्या फॉइलची बाजू वर, म्हणजे कौलांकडे ठेवा आणि जोडांवर फॉइलची पट्टी चिकटवा. आपल्याकडे बाफ, म्हणजे हवेतला ओलावा, बाहेरून आत येते, त्यामुळे ती वरच अडली पाहिजे. फॉइल खाली लावली तर दमट हवा थरातून झिरपून गार पृष्ठभागावर पाणी धरते आणि फळ्या आतून काळ्या पडू लागतात.

थर आणि कौलं यांच्यामध्ये तीन-चार इंच मोकळी जागा हवीच. त्या पोकळीतली गरम हवा आढ्याजवळून बाहेर पडायला वाट ठेवा, पक्षी शिरू नयेत म्हणून तिथे बारीक जाळी लावा. कौलं फुटलेली असतील तर हे सगळं करण्याआधीच शाकारणी करून घ्या. एक गळकं कौल सगळा ग्लासवूल भिजवून टाकतं आणि भिजलेला थर निरुपयोगी होतो.

घर तीस वर्षांहून जुनं असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, झालंय का ते आधी बघा. महापालिकेच्या वर्गवारीत ते सी-१, म्हणजे अतिधोकादायक असेल, तर एसीचा विषय तिथेच थांबतो.

मग खोली

रात्री दिवे मालवून, दार-खिडक्या लावून, पंखा बंद ठेवून एक उदबत्ती पेटवा आणि चौकटीभोवती हळूहळू फिरवा. धूर जिथे एका बाजूला ओढला जातो किंवा अचानक विस्कटतो, तिथे फट आहे. जुन्या सागवानी दारांखाली बोटभर जागा सहज सापडते. दाराच्या खालच्या कडेला आतून ब्रशची पट्टी लावली की ती बाहेरून दिसतही नाही. गवाक्षांच्या आतल्या बाजूला बिजागरीवर उघडणारी काच बसवा, म्हणजे जाळी, नक्षी, रंगीत तावदानं जशीच्या तशी राहतात आणि पावसाळ्यात काच उघडून हवा खेळवता येते.

भिंती चुन्याच्या गिलाव्याच्या असतील तर फटी बुजवायलाही चुनाच वापरा. सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिकचा रंग ओल आत कोंडतो, मग पापुद्रे सुटतात. ओलीच्या भिंतीवर तर एसी बसवूच नका.

मशीन किती मोठं

एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर फेकण्याची ताकद. सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला एक टन पुरतो असा ठोकताळा आहे, पण तो दहा फूट उंचीच्या खोलीसाठी. तक्तपोशी बारा फुटांवर असेल, पश्चिमेची भिंत तापत असेल तर दीड टन घ्या. त्यापुढे जाऊ नका. गरजेपेक्षा मोठं मशीन खोली झटकन गार करून थांबतं, हवेतली बाफ मात्र तशीच राहते आणि अंथरूण थंड पण ओलसर लागतं. इन्व्हर्टर एसी हळू चालत राहतो म्हणून आपल्या हवेला तोच बरा. २६ अंशांवर ठेवून वर छताचा पंखा चालवला तर झोपायला पुरेसं गार होतं.

आतलं युनिट नक्षीच्या तुळईवर किंवा कोरीव दाराच्या डोक्यावर बसवू नका, लहान आडव्या भिंतीवर बसवा. काहीजण त्यावर लाकडी जाळीची पेटी करतात. दिसायला सुरेख, पण युनिट वरून हवा ओढतं आणि खालून सोडतं. पेटीने वरची बाजू कोंडली की सुटलेली गार हवाच परत आत जाते, सेन्सरला वाटतं खोली गार झाली आणि कॉम्प्रेसर मंदावतो. वर किमान पाच-सहा इंच मोकळे ठेवा. युनिट भिंतीच्या रंगाचं घेणं हा त्याहून सोपा उपाय.

पाइपसाठी भिंतीला भोक हातोडा-छिन्नीने पाडू देऊ नका. जुन्या दगड-विटांच्या जाड भिंतीत हादऱ्याने आजूबाजूचा गिलावा सुटतो. कोअर कटरने, म्हणजे गोल फिरून भिंत कापणाऱ्या यंत्राने, साधारण अडीच इंची भोक घ्या, बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं. खांब आणि तुळया यांना हात लावायचा नाही. पाइप भिंतीत पुरण्यापेक्षा तुळईला समांतर लाकडी पट्टीआडून न्या, म्हणजे गळती झाली तर भिंत फोडावी लागत नाही.

बाहेरचं युनिट

जुन्या भिंतीवर लोखंडी ब्रॅकेट ठोकून तीसेक किलोचं थरथरतं यंत्र टांगणं धोक्याचं. ते परसात, जमिनीवर काँक्रीटच्या ओट्यावर ठेवा. २००५ च्या जुलैमधल्या महापुरात पाणी कुठवर चढलं होतं ते घरातल्या थोरांना विचारा आणि ओटा त्याच्या वर घ्या. गावठाणातल्या अरुंद बोळात गरम हवेचा झोत शेजाऱ्यांच्या खिडकीवर जाणार नाही हेही पाहा. समोर निदान दोन फूट मोकळी जागा नसेल तर मशीन स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. खाडीजवळ खारी हवा लोखंड आणि तांबं दोन्ही खाते, म्हणून कॉइलवर गंजरोधक थर असलेलं मॉडेल मागा.

वायरिंगमध्ये तडजोड नको, लाकडी घर आहे. लाकडी केसिंगमधल्या जुन्या तारांवर एसी कधीच जोडू नका. मीटरपासून चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी लाइन, वीस अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज झिरपली की तोडणारा स्विच) आणि खणखणीत अर्थिंग, एवढं हवंच. गिझरही असेल तर मंजूर भार पुरतो का ते वीज कंपनीकडे तपासा.

ठाण्याच्या थंडीसाठी हीटिंगवाला एसी घेण्याची गरज नाही. गरम लागतं ते आंघोळीचं पाणी. सौर बंब लावायचा असेल तर तो कौलांवर नको. शंभर लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन शंभर किलो होतं. शेजारच्या स्लॅबवर किंवा वेगळ्या लोखंडी चौकटीवर तो बसवा.

जोडणीच्या दिवशी

पाइपमधली हवा गॅस सोडून काढायची सवय अनेकांना असते. ती चालू देऊ नका. व्हॅक्यूम पंप पंधरा-वीस मिनिटं चाललाच पाहिजे. हल्लीच्या मशीनमधले आर-३२ आणि आर-२९० हे वायू पेट घेऊ शकतात, म्हणून जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा. पावसाळ्यात ड्रेनमधून तासाला लिटरभर पाणी पडतं, त्यामुळे नळी अखंड उतारावर हवी आणि तिचं टोक भिंतीपासून दूर, गटारात किंवा झाडाच्या आळ्यात सोडलेलं हवं. आतल्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओता, ते दुसऱ्या टोकाला धारेने पडतंय हे स्वतः पाहा आणि मगच मेकॅनिकच्या हातात पैसे द्या.