नव्या चालकाची पहिली गाडी: व्यवहाराआधीची तयारी

घरातल्या मुलाला किंवा मुलीला पक्का परवाना मिळाला की गाडीचा विषय निघतोच, आणि बहुतेक घरांत चर्चेची सुरुवात मॉडेलच्या नावापासून होते. ती गाडीच्या निर्मितीच्या वर्षापासून व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल 2019 पासून, चालकाची एअरबॅग जुलै 2019 पासून आणि समोरून व बाजूने होणाऱ्या धडकेची चाचणी ऑक्टोबर 2019 पासून बंधनकारक झाली. चालकाशेजारच्या आसनाची एअरबॅग सर्व गाड्यांत सक्तीची होण्यास 2021 चे वर्षअखेर उजाडले. म्हणून खर्च बेताचा ठेवायचा असेल आणि वापरलेली गाडी घ्यायची असेल, तर 2019 च्या अखेरीनंतर तयार झालेली लहान गाडी ही 2016 च्या मोठ्या आणि ऐटदार गाडीपेक्षा नव्या चालकासाठी अधिक योग्य ठरते. नोंदणीची तारीख आणि निर्मितीचा महिना यांत कधी कधी बरेच अंतर असते, तेव्हा आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) निर्मितीचा महिना पाहूनच निर्णय करावा.

त्यानंतर सुरक्षा चाचणीत गाडीला पाचपैकी किती तारे मिळाले ते पाहावे, पण ते कोणत्या वर्षीचे आणि कोणत्या प्रकारच्या गाडीचे आहेत हे तपासूनच. गाड्यांची धडक देऊन चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने 2014 मध्ये भारतीय गाड्यांच्या पहिल्या चाचण्या केल्या, तेव्हा एअरबॅग नसलेल्या फोक्सवॅगन पोलोला एकही तारा मिळाला नाही आणि दोन एअरबॅग असलेल्या त्याच पोलोला चार मिळाले. टाटा नेक्सॉनला 2018 मध्ये, तर अल्ट्रोज आणि महिंद्रा एक्सयूव्ही 300 यांना 2020 मध्ये प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळाले. टियागोला त्याच वर्षी चार मिळाले. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात ही नावे सहज सापडतात. मात्र 2022 च्या मध्यापासून या चाचण्यांचे निकष कडक झाले, त्यामुळे आधीचे पाच तारे आणि आताचे पाच तारे एकाच मापाने मोजू नयेत.

पैशांचा हिशेब करताना सगळी रक्कम गाडीच्या किमतीतच संपवू नये. टायर, बॅटरी, पहिले सर्व्हिसिंग, विमा आणि नावावर करण्याचा खर्च यांसाठी साधारण दहावा हिस्सा बाजूला ठेवावा, म्हणजे गुळगुळीत टायरवर पहिला पावसाळा काढण्याची वेळ येत नाही. एक ते सव्वा लिटरचे पेट्रोल इंजिन नव्या हाताला पुरेसे असते. शहरातल्या थोड्या वापरासाठी बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या निकषांची) डिझेल गाडी घेऊ नये, कारण सतत कमी अंतराच्या फेऱ्या झाल्या की तिच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरमध्ये काजळी साचत जाते. बाहेरून सीएनजी किट बसवलेले असेल, तर त्याची नोंद आरसीवर आणि विम्यात आहे का, हे आधी पाहावे.

गाडी पाहायला जाताना जो ती चालवणार आहे त्याला सोबत न्यावे आणि चालकाच्या आसनावर बसवावे. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो का, बॉनेटची पुढची बाजू कुठवर आहे याचा अंदाज येतो का आणि मागच्या काचेतून नीट दिसते का, हे त्यानेच सांगायचे आहे. इथे आईवडिलांची पसंती दुय्यम आहे.

प्रत्यक्ष तपासणी दिवसाउजेडी, कोरड्या गाडीची आणि ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर घेऊनच करावी. इंजिन सुरू करण्याआधी बॉनेटवर हात ठेवून पाहावा; ते गरम लागले तर गाडी आपण येण्यापूर्वीच चालू करून ठेवलेली असते आणि थंड इंजिनाची खोड दिसायची राहून जाते. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. तो विझत नसेल तर यंत्रणेत बिघाड आहे आणि मुळीच पेटत नसेल तर दिवाच काढून टाकलेला असण्याची शक्यता आहे, म्हणजे अपघातात एअरबॅग उघडून गेलेली असू शकते. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण ज्यासाठी आपण निर्मितीचे वर्ष एवढे पाहिले तेच तिच्यात उरलेले नसते. सगळ्या काचांच्या कोपऱ्यांतील वर्षाच्या खुणा जुळतात का आणि दारांच्या बोल्टवरचा रंग पान्याने खरवडलेला आहे का, यावरूनही बरेच कळते.

महापुरात बुडालेल्या गाड्यांबाबत आपल्या भागात विशेष सावध राहायला हवे. 2019 मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै 2021 मध्ये चिपळूणमध्ये असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती, आणि स्वच्छ धुऊन, नवे सीट कव्हर घालून उभी केलेली अशी गाडी वरवर पाहता ओळखू येत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. आतल्या टोकाकडच्या पट्ट्यावर चिखलाची पुसट रेघ राहिलेली असते. स्टेपनीच्या खाचेत गाळ आणि आसनाखालच्या रुळांवर गंज आहे का, तेही पाहावे. एअरबॅग आणि एबीएसच्या वायरिंगमध्ये शिरलेले पाणी पुढे कधी दगा देईल, हे कोणताही मेकॅनिक सांगू शकत नाही.

टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. खाचा खोल दिसल्या तरी सहा-सात वर्षांचा टायर मी मुलांच्या हाती देणार नाही. चालवून पाहताना मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का आणि चढावर हँडब्रेक धरतो का, एवढे नक्की पाहावे.

कागदपत्रांत घाई करू नये. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. गाडी नावावर करण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात. परराज्यातली स्वस्त गाडी दिसली, तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथे पुन्हा भरावा लागणारा कर जमेस धरल्यावर ती स्वस्त राहते का, ते मोजावे. थकलेली ई-चलने गाडीच्या क्रमांकावरून ऑनलाइन दिसतात. ती विकणाऱ्यानेच भरायची.

गाडी कोणाच्या नावावर घ्यायची, हे विम्याआधी ठरवावे. सक्तीचे 15 लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असताना त्याला मिळते. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणार मुलगी, अशी स्थिती असेल तर तिच्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. उलट, वडिलांकडे आधीच्या गाडीचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत) शिल्लक असेल, तर त्यांच्या नावावर घेतल्यास हप्ता कमी होतो. विकणाऱ्याचा बोनस मात्र आपल्याला मिळत नाही. विमा आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज 14 दिवसांत द्यावा. नवा चालक पहिल्या वर्षभरात गाडीला ओरखडे पाडणारच, तेव्हा फक्त दुसऱ्याचे नुकसान भरून देणाऱ्या थर्ड पार्टी विम्यावर न भागवता स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारा विमाही घ्यावा.

ताबा घेताना तारीख आणि वेळ घातलेली पावती दोघांच्या सह्यांनी करावी, म्हणजे त्या क्षणापूर्वीचा अपघात किंवा चलन आपल्या माथी येत नाही. दुसरी किल्ली, सर्व्हिस बुक, जॅक आणि पाना मागून घ्यावेत. जुन्या मालकाचा फास्टॅग त्याच्याकडून बंद करून घ्यावा आणि पहिल्या टोलनाक्याआधी आपल्या नावाचा नवा लावावा.