मिनिएचरचे फोटो: लाईट आणि बॅकग्राउंड कसं लावायचं

२८ किंवा ३२ मिलिमीटरची फिगर, म्हणजे चिमुकली मूर्ती, लोक आठवडाभर बसून रंगवतात आणि फोटो मात्र छतावरच्या दिव्याखाली पटकन उरकतात, मग डोळे दिसत नाहीत, रंग पिवळट येतात आणि वाटतं कॅमेराच भारी घ्यायला हवा. नाही हो, साधा फोन पुरतो, आधी लाईट नीट लावा.

लाईट मऊ पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचं. उघडा बल्ब थेट मारला की वार्निशवर पांढरे ठिपके चमकतात, नाकाखाली आणि हातांखाली काळीकुट्ट सावली पडते, आणि एवढ्या निगुतीने केलेलं शेडिंग त्यात बुडून जातं. लाईट जितका मोठा आणि जितका जवळ तितकी सावली मऊ, आणि इथे आपली चांदी आहे कारण वस्तूच एवढीशी असते, बल्बसमोर ए४ चा ट्रेसिंग पेपर उभा केला तरी त्या फिगरसाठी ती अख्खी खिडकी झाली. पेपर बल्बला चिकटवू नका, थोडं अंतर ठेवलं की पूर्ण कागद उजळतो. आणि एलईडीच वापरा, हॅलोजन फार तापतो, कागद पेटायची भीती.

लॅम्प दोन असतील तर डावी-उजवीकडून साधारण ४५ अंशात आणि फिगरच्या डोक्यापेक्षा वर ठेवा, पण दोन्ही सारख्याच जोराचे नकोत, एक जरा मागे सरकवा नाहीतर चेहरा सपाट दिसतो. एकच लॅम्प असेल तरी चालतं, दुसऱ्या बाजूला पांढरं कार्डशीट उभं करा, ते उजेड परत फेकतं. हेल्मेट किंवा टोपीवाल्या फिगरचा चेहरा हमखास काळवंडतो, त्यासाठी पायाशी, फ्रेमच्या जरा बाहेर एक पांढरा कागद आडवा ठेवून बघा, फरक लगेच कळेल.

बल्ब दोन्ही एकाच प्रकारचे घ्या, ५००० ते ६५०० केल्विनमधले (हे उजेडाच्या रंगाचं माप), सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर. खोलीतला दिवा बंद, पडदा ओढलेला. उजेडाची भेसळ झाली की फिगर एका बाजूने निळी आणि दुसऱ्या बाजूने पिवळी, मग व्हाईट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा यासाठीची कॅमेऱ्यातली सेटिंग) कितीही फिरवा, एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

बॅकग्राउंडला मोठा मॅट कागद घ्या, पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवा आणि खाली टेबलावर गोलाकार वळवून सोडा, घडी पडू द्यायची नाही. फिगर त्या वळणापासून १५-२० सेंटीमीटर पुढे, म्हणजे सावली मागे पडत नाही आणि कागदाचा पोतही धूसर होतो. रंग म्हणाल तर मला मध्यम ग्रे सगळ्यात आवडतो. पांढऱ्यावर कॅमेरा फसतो, कागद राखाडी आणि फिगर काळपट करून ठेवतो, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +०.७ ते +१ करा. काळ्यावर उलट, मायनसमध्ये जायचं, पण गडद कपड्यांच्या कडा काळ्यात हरवतात हे लक्षात असू द्या. भडक लाल-हिरवा कागद नकोच, त्याचा रंग फिगरवर उतरतो.

फोन फिगरच्या अगदी तोंडाशी नेऊ नका, जवळचे भाग फुगीर येतात, जरा लांबून २एक्स झूमवर काढा, चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा, फोन कशाला तरी टेकवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा. मोठा कॅमेरा असेल तर ट्रायपॉडवर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ८ ते एफ ११ (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), शटर हळू झालं तरी काही बिघडत नाही. एफ १६ च्या पुढे जाऊ नका, डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे लहान छिद्रातून उजेड पसरल्यामुळे, सगळंच धूसर पडायला लागतं.

आणि फोटो काढायच्या आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, स्क्रीनवर मोठं केल्यावर एकेक कण दिसतो.