नागीण: पुरळ उठण्याआधी आणि नंतरचे ७२ तास

छाती, पाठ किंवा चेहऱ्याच्या एकाच बाजूला आग होते, मुंग्या येतात, अंगातलं कापड नुसतं घासलं तरी कळ उठते, आणि त्वचेवर मात्र काहीच दिसत नाही. नागिणीची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते. पुरळ साधारण एक ते पाच दिवसांनी उठतं. तोवर ही कळ मूतखड्याची, पित्ताशयाची नाहीतर सायटिकाची वाटते. छातीत दुखत असेल तर मात्र नागीण असेल म्हणून घरी थांबू नका. आधी हृदयाची तपासणी करून घ्या.

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू, व्हॅरिसेला झोस्टर, शरीरातून जात नाही. तो मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये सुप्त राहतो. वय झालं किंवा आजारानं, औषधांनी प्रतिकारशक्ती घटली, की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेनं तो त्वचेपर्यंत येतो. म्हणूनच पुरळाचा पट्टा एका बाजूला उठतो आणि मध्यरेषेपाशी थांबतो. दोन टोकं जुळली की माणूस दगावतो, या भीतीला काही आधार नाही. धोका असतो तो पुरळ पट्टा सोडून अंगभर पसरलं तर.

रोज चांगल्या उजेडात दुखरा भाग पाहा. लालसर चट्टा, त्यावर घोळक्यानं आलेले पाणीदार फोड, आणि खाजेपेक्षा दुखणं जास्त: ही खूण. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही; तपकिरी-जांभळट छटा दिसते किंवा बोटाला उंचवटे लागतात.

पहिला फोड दिसला ती वेळ लिहून ठेवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जा. विषाणूची वाढ याच काळात जोरात असते, आणि औषध फक्त ती वाढ रोखतं. मोठ्यांना सहसा व्हॅलासायक्लोव्हिर १००० मिग्रॅ दिवसातून तीनदा किंवा असायक्लोव्हिर ८०० मिग्रॅ दिवसातून पाच वेळा, सात दिवस देतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा कमी करावी लागते, ते आधीच सांगा. गोळ्या चालू असताना पाणी भरपूर प्या. नुसतं असायक्लोव्हिरचं मलम लावून भागत नाही. वेळ टळून गेली तरी जाच. नवे फोड येत असतील तर औषध तरीही देतात.

नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड आले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. नाकाच्या त्या भागाला आणि डोळ्याला एकाच मज्जातंतूची शाखा जाते. डोळा लाल नसला तरी तपासायलाच हवा. कानात फोड, तोंड एका बाजूला वाकडं होणं, चक्कर, कमी ऐकू येणं, ही लक्षणंही तितकीच तातडीची.

घरी कोमट पाण्यानं हलक्या हातानं धुवा आणि टिपून कोरडं करा. थंड ओला कपडा १५-२० मिनिटं ठेवा; बर्फ थेट नको. झाकायचं तर न चिकटणारी पट्टी वापरा. चिकटपट्टी फोडांवर आली तर काढताना त्यांची सालं निघतात. फोड फोडणं, कुठलाही लेप, मनानं स्टेरॉइड क्रीम, यांतलं काही नको. जखमेत जंतू शिरले की पू होतो आणि व्रण राहतो.

खपल्या धरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, टॉवेल वेगळा ठेवा. फोडांतल्या पाण्यानं दुसऱ्याला नागीण होत नाही, पण कांजिण्या न झालेल्याला कांजिण्या होऊ शकतात. गरोदर स्त्री, नवजात बाळ आणि केमोथेरपी चालू असलेल्यांपासून दूरच राहा.

त्वचा दोन ते चार आठवड्यांत भरते. कळ मात्र काहींची महिनोन्‌महिने जात नाही, पन्नाशीनंतर जास्त. ती मज्जातंतूला झालेल्या इजेची कळ असते, त्यामुळे साध्या वेदनाशामकांना दाद देत नाही. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन या मज्जातंतूच्या कळेवरच्या औषधांसाठी डॉक्टरांशी बोला, सोसत बसू नका. पन्नाशीपुढच्यांसाठी शिंग्रिक्स ही लस आहे: दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस. उठलेली नागीण तिनं बरी होत नाही, पण नागीण होऊन गेलेल्यांनाही पुरळ पूर्ण गेल्यावर ती घेता येते.