छोटी ऑपरेटिंग सिस्टीम परक्याच्या हातानं बसेल अशी कशी करायची

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात कोअर टू ड्युओचा जुना डबा बिलं काढायला आणि ड्रॉइंग उघडायला अजून चालू असतो. राधानगरी, गगनबावड्याकडच्या शाळांच्या लॅबमध्येही तशीच मशीन दिसतात. यांच्यासाठी डेबियन या लिनक्स सिस्टीमवर आधारलेली हलकी, मराठी सिस्टीम बांधणं आता इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यालाही जमतं. गाडी अडते ती त्यापुढं. बांधणाऱ्याच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं, आणि दुसऱ्यानं पेनड्राइव्ह लावला की पहिल्याच स्क्रीनवरून फोन येतो. ज्यानं ही सिस्टीम कधी बघितली नाही त्यानं फोन न करता एका बैठकीत ती बसवली, तरच रिलीज झाली असं धरा. खालचं सगळं या मापानं लिहिलं आहे.

पाया आणि बांधणी

आधी मशीन कुठली आहेत ते बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि इन्स्टॉलर दोन्ही नाहीत. कोअर टू ड्युओ ६४-बिट आहे, त्यामुळे तिथं १३ चालतं. ॲटम एन२७० वाली नेटबुकं मात्र निव्वळ ३२-बिट आहेत. त्यांच्यासाठी डेबियन १२ धरा, त्याचा दीर्घ आधार जून २०२८ पर्यंत आहे. दोन्हीच्या इमेज (पेनड्राइव्हवर लिहायची एकच मोठी फाइल) काढायच्या झाल्या तर तपासणीचं काम दुप्पट होतं. माणसं तीन-चारच असतील तर ६४-बिट एकच काढा आणि ती नीट काढा.

बांधणीसाठी लाइव्ह-बिल्ड हे डेबियनचं इमेज बांधणारं साधन वापरा. त्याच्या सगळ्या सेटिंग ‘ऑटो’ फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग’ स्क्रिप्टमध्ये लिहा आणि ते फोल्डर बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेवा. टर्मिनलवर हातानं दिलेला एकही पर्याय राहता कामा नये. कारण सहा महिन्यांनी तो कुणालाच आठवत नाही, आणि ज्याच्या लॅपटॉपवर बांधणी होत होती तो नोकरीला पुण्याला गेलेला असतो. कसोटी सोपी आहे: गटातल्या दुसऱ्या माणसानं कोऱ्या व्हर्च्युअल मशीनवर रेपो (गिटमधलं तेच फोल्डर) उतरवून एका आज्ञेत इमेज काढून दाखवावी.

डेबियन १२ पासून फर्मवेअरचा, म्हणजे कार्डं चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमचा, पॅकेज-विभाग वेगळा झाला. ‘मेन’, ‘कॉन्ट्रिब’, ‘नॉन-फ्री’ एवढंच लिहिलं आणि ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ राहिलं, तर रिअलटेक आणि इंटेलची बरीच वायफाय कार्डं मुकी बसतात. जुन्या ब्रॉडकॉमचं दुखणं वेगळं आहे. त्याचं बी४३ फर्मवेअर पॅकेज बसताना इंटरनेटवरून उतरवलं जातं, आणि इंटरनेट तर त्या कार्डावरच यायचं असतं. यावर हमखास चालणारा उपाय म्हणजे अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करणं. हे वाक्य मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावर टाका.

बांधणी ठरावीक तारखेच्या डेबियन स्नॅपशॉटवरून (त्या दिवशीच्या पॅकेजांच्या जपलेल्या साठ्यावरून) करा, म्हणजे आज आणि पुढच्या महिन्यात तीच पॅकेजं मिळतील. यात दोन खड्डे आहेत. जुन्या स्नॅपशॉटची सिक्युरिटीची यादी मुदत संपली म्हणून ॲप्ट (पॅकेजं उतरवून बसवणारं साधन) नाकारतं. ती मुदत-तपासणी फक्त बांधणीपुरती बंद करा, ती सेटिंग इमेजमध्ये जाऊ देऊ नका. दुसरा खड्डा जास्त वाईट. ‘मिरर-बायनरी’ हा पर्याय नेहमीच्या मिररवर (पॅकेजांच्या सर्व्हरवर) ठेवायचा राहिला, तर बसलेली प्रत्येक मशीन त्या स्नॅपशॉटच्या तारखेला गोठते. सुरक्षेची अपडेट येतच नाहीत, आणि एरर दिसत नसल्यामुळे वर्षभर कुणाला पत्ताही लागत नाही. इमेज बसवल्यावर ॲप्टची सोर्स-यादी उघडून डोळ्यांनी वाचा.

वजन

बऱ्याच घरांत इंटरनेट म्हणजे रोजचा दीड-दोन जीबीचा मोबाइल पॅक. इमेज २.३ जीबीची झाली की डाउनलोड दोन दिवसांवर जातं आणि मध्येच तुटतं. १.४ जीबीच्या आत राहायचं ठरवा. गिटहबच्या रिलीजमध्ये एक फाइल २ जीबीपेक्षा लहान असावी लागते, तेही यातच साधतं. ऑफिसची भाषा-पॅकं इंग्रजी, मराठी, हिंदी एवढीच ठेवा आणि कुणी न मागितलेले गेम काढून टाका. स्क्वॉशएफएस, म्हणजे इमेजमधली दाबून भरलेली सिस्टीम, एक्सझेडनं दाबली तर फाइल थोडी लहान होते, पण जुन्या प्रोसेसरवर ती उलगडायला फार वेळ घेते. त्याऐवजी झेडस्टँडर्डचं कॉम्प्रेशन वरच्या पातळीवर वापरा. वजन जरासं वाढतं, पण पेनड्राइव्हवरून चालवताना आणि बसवताना मशीन रखडत नाही.

‘एएमडी६४’ हे ६४-बिटचंच नाव असलं, इंटेललाही तेच चालत असलं, तरी फाइलच्या नावात ते लिहू नका. ज्याच्या डब्यावर इंटेलचं स्टिकर आहे तो ‘ही आपली नव्हे’ म्हणून परत जातो. ‘६४-बिट’ लिहा, पुढं आवृत्ती आणि तारीख.

पेनड्राइव्ह

बसवणारा माणूस बहुतेक वेळा विंडोजवर बसलेला असतो. तो पेनड्राइव्ह लिहिणारा रूफस उघडतो, आणि रूफस विचारतो: आयएसओ पद्धत की डीडी पद्धत? दोन्हींनी बूट झालं पाहिजे, म्हणून दोन्ही तपासा. आयएसओ पद्धतीत फाइली फॅट३२ वर उलगडल्या जातात, आणि फॅटच्या लेबलात ११ अक्षरंच मावतात. तुमची ग्रबची (बूट करून देणाऱ्या प्रोग्रॅमची) सेटिंग लांबलचक लेबल शोधत असेल तर ते कापलं जातं आणि बूट अडकतं. लेबल ११ अक्षरांत, मोठ्या (कॅपिटल) इंग्रजी अक्षरांत ठेवा किंवा लेबलावर अवलंबूनच राहू नका.

डीडी पद्धतीनं, म्हणजे इमेज जशीच्या तशी, लिहिलेला पेनड्राइव्ह पुन्हा विंडोजला लावला की ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ असा प्रश्न येऊ शकतो. माणूस सवयीनं हो म्हणतो, आणि मग ‘तुमचा पेनड्राइव्ह चालत नाही’ अशी तक्रार येते. त्या खिडकीचं चित्र आणि शेजारी ‘रद्द करा’ एवढं मार्गदर्शिकेत असलंच पाहिजे.

सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टीम अडवणारी सोय) बंद करायला लावण्याआधी विचार करा. डेबियनचे सही केलेले शिम, ग्रब आणि कर्नल आहेत तसे वापरले तर ते चालू ठेवूनही बूट होतं. स्वतःचं कर्नल बांधलंत की ती सोय गेली. निव्वळ नावात बदल करण्यासाठी कर्नलला हात लावू नये. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की आधी लिहून घ्यायला आणि फास्ट स्टार्टअप बंद करायला सांगा. नाहीतर विंडोजचं पार्टिशन अर्धवट झोपलेलं असतं आणि ते लहान करता येत नाही.

कीबोर्ड आणि पासवर्ड

मराठी सिस्टीमची सगळ्यात जास्त बसवणी इथं फसते. माणूस भाषा मराठी निवडतो, इन्स्टॉलर कीबोर्डही देवनागरी इनस्क्रिप्ट करून टाकतो. पासवर्डच्या चौकोनात ठिपकेच दिसतात, त्यामुळे ‘शाळा१२३’ गेलं की इंग्रजी अक्षरं गेली हे कळायला मार्ग नाही. रिस्टार्टनंतर लॉगिन स्क्रीन इंग्रजी कीबोर्डनं उघडते. तीच बटणं दाबली तरी अक्षरं वेगळी पडतात आणि पासवर्ड चुकीचा ठरतो. माणसाला वाटतं आपणच विसरलो. तो पुन्हा फॉरमॅट मारतो आणि पुन्हा तिथंच येऊन थांबतो.

उपाय चार आहेत, आणि चारही करायचे. लेआउटच्या यादीत इंग्रजी पहिला, मराठी दुसरा, बदलायला ऑल्ट-शिफ्ट. हे लाइव्ह बूटच्या ओळीतच लिहून ठेवा. इन्स्टॉलरमध्ये पासवर्ड फक्त इंग्रजी अक्षरं आणि अंकांचा घ्या. लॉगिन स्क्रीन दाखवणाऱ्या लाइटडीएमच्या पट्टीत लेआउट दाखवणारा सूचक चालू करा. आणि पासवर्डच्या चौकोनाशेजारी ‘दाखवा’चं बटण ठेवा. डिस्क एन्क्रिप्ट करत असाल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण तो पासवर्ड बूटच्या सुरुवातीला मागितला जातो आणि तिथं मराठी कीबोर्ड नसतोच.

फाँट तपासायला ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द शेजारी लिहून बघा. दुसऱ्यातला अर्धा र आडवा, पापणीसारखा आला पाहिजे. मग ‘ॲप’, ‘ऑफिस’, ‘काळजी’. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फाँटमध्ये तिथं चौकोन उमटतो. ही तपासणी ब्राउझर, ऑफिस, लॉगिन स्क्रीन आणि पीडीएफ या चारही ठिकाणी करा.

ग्रबचा मेनू मराठीत करायचा मोह आवरा. ग्रबला जोडाक्षरं जुळवता येत नाहीत. ऱ्हस्व इकार अक्षराच्या मागं पडतो आणि हलंत उघडे राहतात. मेनूच्या ओळी इंग्रजीत ठेवा, आणि ‘खालच्या बाणानं निवडा, एंटर दाबा’ ही मराठी सूचना पार्श्वभूमीच्या चित्रातच रंगवून द्या. चित्र असल्यामुळे ती बिघडत नाही. साध्या काळ्या कन्सोलवरही मराठी नीट उमटत नाही, म्हणून इन्स्टॉलर ग्राफिकलच हवा.

इन्स्टॉलर

कॅलामारेस हा ग्राफिकल इन्स्टॉलर चांगला आहे. त्याच्या ‘वेलकम’ सेटिंगमध्ये इंटरनेट ‘तपासा’च्या यादीत ठेवा, ‘आवश्यक’च्या यादीत नको. टाइमझोन आशिया-कोलकाता आधीच भरून द्या. विचारायच्या गोष्टी तीनच: डिस्क, नाव, पासवर्ड.

आता ९० टक्क्यांवर येणारा अपघात. डेबियनसाठीच्या कॅलामारेस सेटिंगमध्ये बूटलोडर बसवताना ग्रबचं पॅकेज ॲप्टनं ओढलं जातं. बांधणारा वायफायवर असतो, म्हणून त्याच्याकडे ते सुरळीत जातं. शाळेच्या लॅबमध्ये नेट नसतं. सगळ्या फाइली उतरतात आणि शेवटच्या पायरीला एरर येते. ग्रबची बायोस (जुनी बूट-पद्धत) आणि ईएफआय (नवी) दोन्ही पॅकेजं, सही केलेलं ग्रब, शिम, ईएफआयबूटमॅनेजर आणि क्रिप्टसेटअप हे सगळं ‘लिस्ट-बायनरी’ अशा शेवटाच्या पॅकेज-यादीत लिहा. मग ती पॅकेजं इमेजमध्येच राहतात आणि नेट लागत नाही.

जुन्या डब्यांचा घड्याळाचा सीआर२०३२ सेल मेलेला असतो. तारीख मागं गेली की ब्राउझरला सर्टिफिकेट खोटं वाटतं आणि ॲप्ट ‘ही यादी अजून लागू झालेली नाही’ म्हणून अडतं. इमेजमध्ये सिस्टीमडीची ‘क्लॉक-इपॉक’ फाइल बांधणीच्या तारखेची ठेवा, म्हणजे घड्याळ त्यामागं जात नाही. सेल बदलायला मात्र सांगाच. विंडोज शेजारी असेल आणि घड्याळ साडेपाच तासांनी सरकत असेल, तर मशीन बिघडलेलं नाही: एक सिस्टीम स्थानिक वेळ धरते, दुसरी यूटीसी (जागतिक वेळ).

पावसाळ्यात गगनबावड्याच्या बाजूला वीज कधीही जाते. शेवटच्या आढावा-स्क्रीनवर ‘इथून पुढं डिस्क पुसली जाईल, यूपीएस किंवा बॅटरी आहे ना?’ ही ओळ टाका.

रिलीज

तारखेआधी दोन आठवडे नवं काही घ्यायचं नाही, फक्त दुरुस्त्या. प्रत्येक उमेदवार इमेज क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनमध्ये बायोसवर, यूईएफआयवर, २ जीबी रॅमवर आणि नेट तोडून बसवा, मग निदान तीन खऱ्या मशीनवर. त्यानंतर ज्यांनी लिनक्स कधी बसवलं नाही अशा तिघांना बोलवा: एखाद्या शाळेतल्या बाई, वर्कशॉपमधला हिशेबनीस, अकरावीचा मुलगा. पेनड्राइव्ह आणि छापलेलं एक पान द्या, मागं बसा आणि तोंड उघडू नका. माउस जिथं थांबला, पान जिथं उलटून पाहिलं गेलं, ती प्रत्येक जागा लिहून घ्या. त्यातली एकही ‘हे त्यांना कळायला हवं होतं’ म्हणून सोडू नका. तिथं मजकूर बदला किंवा तो प्रश्नच काढून टाका.

इमेजसोबत एसएचए२५६ बेरीज (फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा) आणि तिच्यावर जीपीजी सही (ती तुमचीच असल्याची डिजिटल खूण) ठेवा. विंडोजवाल्यांसाठी सर्टयुटिलनं बेरीज कशी काढायची ते एका ओळीत सांगा. सहीची की दोघांकडे असू द्या आणि प्रती दोन वेगळ्या भागांत ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडे पाणी शिरलं होतं. एकाच तळमजल्यावरच्या कपाटात की आणि तिची प्रत दोन्ही ठेवणं धोक्याचं आहे. टॉरेंटही द्या, तुटलेलं डाउनलोड तिथून पुढं चालू होतं.

रिलीजच्या पानावर ‘काय चालत नाही’ हा भाग सगळ्यात वर ठेवा, मशीनच्या मॉडेलसकट. पहिल्या आठवड्यात येणारा प्रत्येक फोन त्याच दिवशी तिथं नोंदवा. डिस्क पुसणारी किंवा बूट मोडणारी चूक सापडली, तर इमेज त्याच तासाला काढा, कारण लिहा आणि दुरुस्त इमेज नव्या क्रमांकानं चढवा. तोच क्रमांक ठेवून फाइल गुपचूप बदलू नका. नाहीतर ज्याच्याकडे जुनी बेरीज आहे त्याची तपासणी फसते, आणि कुणाच्या पेनड्राइव्हवर कुठली इमेज आहे हे कुणालाच सांगता येत नाही.