क्रिप्टिक शब्दकोडं कसं सोडवावं आणि त्यावर कसं बोलावं

साध्या शब्दकोड्यात ‘वाहते ती (२)’ असं सूत्र आलं (कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा) की आपण ‘नदी’ लिहितो आणि पुढे सरकतो. क्रिप्टिकमध्ये तेच असं येईल: ‘गरीब उलटला की वाहते ती (२)’. गरीब म्हणजे दीन. दीन उलटा वाचा, नदी. म्हणजे एकाच उत्तराकडे दोन वाटा जातात, एक अर्थाची आणि एक अक्षरांची. दोन्ही जुळल्या की उत्तराबद्दल शंका उरत नाही, आणि तो आनंद साध्या कोड्यात मिळत नाही.

पहिलं शब्दकोडं न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापून आलं, पण हा तिरका प्रकार वाढला ब्रिटनमध्ये. १९२६पासून ‘ऑब्झर्व्हर’ या तिथल्या वृत्तपत्रात टॉर्केमाडा या टोपणनावाने येणाऱ्या कोड्यांनी त्याला वळण दिलं. आपल्याकडे इंग्रजी दैनिकांत, विशेषतः ‘द हिंदू’त, ही कोडी येतात. वरचं मराठी सूत्र मी समजावण्यापुरतं रचलंय. पद्धत इंग्रजी कोड्यांची, तीच पुढे सांगते.

सगळ्यात आधी व्याख्या शोधा, म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ सांगणारा भाग. ती जवळजवळ नेहमी सूत्राच्या सुरुवातीला असते किंवा शेवटी, मध्ये नाही. ‘राबणारा मदन थंड (४)’ हे वाचताना मदन नावाचा एक दमलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. त्याला बाजूला सारा. ‘राबणारा’ ही व्याख्या. मदन म्हणजे काम, थंड म्हणजे गार. कामगार! वाक्याचं चित्र फसवण्यासाठीच असतं. म्हणून सूत्र वाक्यासारखं न वाचता एकेक शब्द सुटा करून वाचायची सवय लावून घ्या. विरामचिन्हांवर तर अजिबात विश्वास ठेवू नका.

मग खुणेचा शब्द बघा. ‘लिसन बॅडली, मेकिंग नो साउंड (६)’ यात ‘बॅडली’ ही खूण आहे. तो शब्द सांगतो की शेजारची अक्षरं विस्कटा. ‘लिसन’च्या स्पेलिंगमधली सहा अक्षरं हलवली की ‘सायलेंट’ तयार होतं, आणि ‘मेकिंग नो साउंड’ ही त्याचीच व्याख्या. तुटलेलं, वेडं, नशेतलं, नवं, असा काहीही अर्थ दिसला की अक्षरं मोजा. मागे फिरणं किंवा परतणं असेल तर शब्द उलटा. ‘काही भाग’ असं सुचवलं असेल तर उत्तर सूत्राच्या पोटातच लपलेलं असतं. नवख्याने अशी लपलेली उत्तरं आधी टिपावीत. ती सगळ्यात लवकर हाती लागतात आणि त्यांच्या अक्षरांवरून उभे-आडवे शब्द उलगडत जातात.

कोड्यांत पुन्हा पुन्हा येणारे ठरावीक शब्द टिपायला एक वही मात्र हवीच. ‘फ्लॉवर’ म्हणजे फूल नव्हे, ‘फ्लो’ करणारी, म्हणजे नदी! ‘वर्कर’ म्हणजे बहुधा मुंगी किंवा मधमाशी. क्रिकेटवाल्यांना इथे फायदा: ‘डक’ म्हणजे ओ हे अक्षर (शून्यासारखं), ‘मेडन’ म्हणजे एम, ‘ऑन’ म्हणजे लेग. वहीत शंभरेक नोंदी झाल्या की रोजचं कोडं वेगळंच दिसू लागतं. अडलात तर पेपर ठेवून द्या. संध्याकाळी तेच सूत्र पुष्कळदा पहिल्या वाचनात सुटतं.

आता चर्चा. माझ्या मते कोडं निम्मं इथेच शिकलं जातं. मी आणि ताई, दोघी वेगवेगळ्या गावांत राहतो, पण पेपर एकच घेतो. रात्री फोनवर पहिला प्रश्न असतो, “सात आडवं आलं का?” “आलं.” “मग का ते सांग.” ‘का’ सांगता आलं नाही, तर ते घर आम्ही भरलेलं धरत नाही. अफ्रिट या टोपणनावाच्या इंग्रज कोडेकाराने १९४९मध्ये एक नियम मांडला. त्याचा भाव असा, की कोडेकाराने वरवर दिसेल तोच अर्थ घ्यावा असं नाही, पण जे म्हणायचं ते शब्दांत असलंच पाहिजे. सूत्रातला एखादा शब्द आपल्या उलगड्यात बिनकामाचा उरला, तर बहुतेक वेळा उत्तर चुकलेलं असतं. क्वचित सूत्रच कच्चं असतं, आणि तसं स्पष्ट म्हणायलाही हरकत नाही.

समोरचा अडला असेल तर उत्तर थेट सांगू नका, त्याच्या हातचा आनंद जातो. आधी फक्त व्याख्या कुठे आहे ते सांगा. तरी नाही सुटलं तर खुणेचा शब्द दाखवा. मग एखादं अक्षर.

एकदा ताईने मला एक जुनं, गाजलेलं सूत्र घातलं: ‘एच आय जे के एल एम एन ओ (५)’. बस, एवढंच. मी वीस मिनिटं अक्षरं इकडची तिकडे करत बसले.

“हलवू नकोस,” ती म्हणाली. “पहिलं कुठलं, शेवटचं कुठलं?”

“एच... आणि ओ.”

“मग एचपासून ओपर्यंत, इंग्रजीत म्हण.”

“एच टू ओ,” मी म्हटलं, आणि पाच घरांत ‘वॉटर’ लिहिलं.