अँटिबायोटिक घेताय? या चुका टाळा

"गोळ्या लई गरम पडत्यात, जरा कमी पॉवरच्या द्या की." सांगलीत मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिलं की हे वाक्य कानावर येतंच. सांगणाऱ्याचा त्रास खरा असतो. तोंड आलेलं असतं, छातीत जळजळत असतं, पातळ शौचाला जावं लागत असतं. चूक होते ती त्याच्या पुढे. औषध अंगात उष्णता वाढवतंय असं एकदा मनात बसलं की कुणी दोन वेळची गोळी एकदाच घेतं, कुणी तिसऱ्या दिवशी सोडून देतं, कुणी उतारा म्हणून ग्लासभर दुधाबरोबर गिळतं. फार्मासिस्ट म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्या भागात अँटिबायोटिकच्या बऱ्याचशा चुका या एकाच समजुतीच्या पोटातून निघतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

"गरम पडतं" म्हणून डोस कमी करणं

अँटिबायोटिक जिवाणू मारतं. आजाराचे जिवाणू कुठले आणि आतड्यातले आपल्या कामाचे कुठले, हे त्याला कळत नाही. आतड्यातले चांगले जिवाणू कमी झाले की शौचाला पातळ होतं. तोंडातले कमी झाले की बुरशीला मोकळं रान मिळतं आणि जिभेवर पांढरा थर येतो. जळजळ बहुतेक वेळा गोळी चुकीच्या वेळी घेतल्यामुळे होते. म्हणजे त्रास तीन, कारणं तीन, आणि प्रत्येकावर वेगळा उपाय आहे. डोस निम्मा करणं हा त्यातला कशावरच उपाय नाही.

निम्म्या डोसनं काय होतं हे तासगाव-पलूसच्या द्राक्ष बागायतदाराला वेगळं सांगायला नको. डाउनी या द्राक्षावरच्या रोगावर औषध कमी प्रमाणात मारलं तर रोग मरत नाही, उलट औषधाला दाद न देणारा रोग मागे उरतो आणि पुढच्या वेळी तेच औषध फुकट जातं. शरीरातही नेमकं हेच घडतं. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं 1945 सालीच, नोबेल पारितोषिक घेताना, कमी डोस घेऊन जिवाणूंना औषधाची सवय लावू नका असं बजावलं होतं.

"कमी पॉवर" हीही फसवी गोष्ट आहे. 625 मिलीग्रॅमची गोळी जड वाटते म्हणून 375 ची मागणं हा डोस बदलणंच झालं. तो अधिकार डॉक्टरांचा. त्यांना फोन करा, त्रास सांगा. औषध बदलायचं की वेळ बदलायची, ते तेच ठरवतील.

दुधाबरोबर, चहाबरोबर, झोपताना कोरडी

कृष्णाकाठी दुधाला तोटा नाही आणि आजारी माणसाला गोळीबरोबर दूध देण्यात घरच्यांची माया असते. पण डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही दोन औषधं दुधातल्या कॅल्शियमला चिकटून बसतात आणि आतड्यातून रक्तात नीट जातच नाहीत. गोळी पोटात गेली तरी तिचा बराचसा भाग वाया जातो. दही-ताकाचंही तेच. लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि ॲसिडिटीवरचं पातळ औषध यांचाही असाच अडथळा होतो. घरात कुणाला रक्तवाढीच्या गोळ्या चालू असतात, आणि सगळ्या गोळ्या एकदाच घेऊन मोकळं व्हायची सवय असते. तसं करू नका. सिप्रोफ्लॉक्सासिन घेतल्यावर किमान 2 तास यातलं काही घेऊ नका, आणि आधी घेतलं असेल तर मध्ये 6 तास जाऊ द्या. डॉक्सिसायक्लिनच्या आगेमागे 2-3 तासांचं अंतर ठेवा.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडला, म्हणजे ज्याला सगळे नुसतं '625' म्हणतात त्याला, दुधाची अशी अडचण नाही. पण ती जेवणाच्या सुरुवातीला, पहिल्या दोन घासांबरोबर घ्यायची. पोटाला त्रास कमी होतो आणि औषध चांगलं शोषलं जातं. "गरम पडतं" म्हणणाऱ्या अनेकांची तक्रार एवढ्या एका बदलानं कमी होते, म्हणून गोळी विकत घेताना हे आवर्जून विचारा: जेवणाआधी, जेवताना की नंतर?

डॉक्सिसायक्लिनची आणखी एक खोड आहे. दिवसभर रानात राबून आलेला माणूस रात्री अंथरुणावर टेकता टेकता ही कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर टाकतो आणि आडवा होतो. कॅप्सूल अन्ननलिकेतच अडकते, तिथं विरघळते आणि चक्क जखम करते. मग गिळताना छातीत असं दुखतं की माणसाला हृदयविकाराची शंका येते. पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर अर्धा तास तरी आडवं होऊ नका. या औषधानं उन्हात कातडी लवकर भाजते. एप्रिलच्या खरड छाटणीला बागेत जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला टॉवेल किंवा टोपी हवीच.

पोट बिघडलं तर दही-भात, ताक खायला हरकत नाही, फक्त वरचं अंतर सांभाळून. दोन-तीनदा पातळ झालं म्हणून गोळी बंद करायची गरज नाही. पण सारखं पाण्यासारखं होऊ लागलं, रक्त पडलं, ताप आणि पोटात कळा सुरू झाल्या तर जुलाब थांबवायची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका, डॉक्टरांकडे जा. अँटिबायोटिकनंतर आतड्यात एका वेगळ्या जिवाणूचा गंभीर संसर्ग होऊ शकतो, आणि तो औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही दिसतो. म्हणून महिन्याभरापूर्वी घेतलेल्या अँटिबायोटिकचंही नाव डॉक्टरांना सांगा.

दोन दिवसांत ताप उतरला नाही म्हणून डॉक्टर बदलणं

मिरज हाकेच्या अंतरावर आहे. शंभराहून जास्त वर्षं कर्नाटकातूनही लोक तिथं उपचाराला येतात. हे आपलं भाग्य, पण त्यातून एक सवय लागली आहे: गुण आला नाही की दुसऱ्याकडे, तिथं आला नाही की तिसऱ्याकडे. प्रत्येक ठिकाणी नवं अँटिबायोटिक सुरू होतं, आधीचं अर्धवट पडतं, आणि नव्या डॉक्टरांना आधीचं काय ते कळतच नाही.

टायफॉइडचंच घ्या. अगदी बरोबर औषध सुरू झालं तरी ताप उतरायला बऱ्याचदा चार-पाच दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी 102 ताप दिसला म्हणजे औषध लागू पडत नाही असं नाही. ताप रोज किती चढतो, भूक कशी आहे, लघवी होते का, माणूस शुद्धीवर नीट बोलतो का, हे लिहून ठेवा आणि त्याच डॉक्टरांना कळवा. प्रकृती ढासळत असेल तर मात्र एक तासही थांबू नका.

डॉक्टर बदलावाच लागला तर जुनी चिठ्ठी, रिपोर्ट आणि रिकाम्या स्ट्रिपासुद्धा बरोबर न्या. गावातून कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळाल्या असतील तर "पांढरी मोठी, पिवळी लहान" एवढ्यावर पुढचा डॉक्टर काही करू शकत नाही. पुडी देणाऱ्याला नावं लिहून द्यायला सांगा. हा तुमचा हक्क आहे, त्यात अवघडण्यासारखं काही नाही. मेडिकलमधून स्ट्रिप कापून घेतानाही नाव आणि मुदत आपल्या तुकड्यावर राहील असं बघा, नाहीतर पूर्ण स्ट्रिपचा मोबाईलवर फोटो काढून घ्या.

आणि एक, जे फार कमी लोकांना माहीत असतं. रक्ताचं किंवा लघवीचं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून बघायची तपासणी, करायचं असेल तर नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्यायचा. घरातल्या डब्यातल्या दोन गोळ्या आधीच पोटात गेल्या असतील तर कल्चरमध्ये जिवाणू बऱ्याचदा उगवत नाहीत. मग महागडी तपासणी होऊनही नेमका कुठला जंतू आणि त्याला कुठलं औषध लागू, हे हातात येत नाही.

चिठ्ठीशिवाय मागणं

"घसा धरलाय, ती तीन गोळ्यांची अझिथ्रो द्या." सर्दी, फ्लू, बहुतेक घसादुखी, डेंगी, चिकुनगुनिया हे विषाणूंचे आजार. अँटिबायोटिकचा विषाणूंवर काडीचा परिणाम होत नाही. तिसऱ्या दिवशी बरं वाटतं ते बरं वाटायची वेळ आलेली असते म्हणून, आणि श्रेय मात्र गोळीला जातं. हे लोकांच्या मनातून काढणं सगळ्यांत अवघड.

स्ट्रिपवर उभी लाल रेषा असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं आहे. केंद्र सरकारनं 2016 मध्ये या लाल रेषेची मोहीम सुरू केली. त्याआधी, 1 मार्च 2014 पासून, बऱ्याच तगड्या अँटिबायोटिकांसाठी शेड्यूल एच-1 हा नियम लागू झाला. त्यात मेडिकलवाल्याला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही 3 वर्षं ठेवावी लागते. त्यामुळे मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली तर तो अडवतोय असं समजू नका. न मागता देणाऱ्यापासून मात्र जपा.

जुलाबाला लगेच "ऑफ्लॉक्स-ऑर्निडाझोल" मागायची पद्धत पडली आहे. साध्या जुलाबाला हवं असतं ओआरएस, आणि लहान मुलांना त्याबरोबर डॉक्टरांच्या सल्ल्यानं 14 दिवस झिंक.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी मनानं मुळीच घेऊ नका. क्षयाचे जिवाणू तिनं थोडे दबतात, माणसाला तात्पुरतं बरं वाटतं आणि निदान लांबतं. तोवर घरातल्या इतरांनाही लागण होते. सरकारी दवाखान्यात बेडका तपासणी मोफत होते, ती आधी करा.

मुलांचं पावडरचं औषध

बाटलीत कोरडी पावडर असते, तिच्यात पाणी घालून सिरप करायचं असतं. इथं होणाऱ्या चुका लहान दिसतात, पण बाळाला एकदा डोस कमी पडतो आणि एकदा जास्त.

आधी बाटली उलटीसुलटी हलवून पावडर मोकळी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी, किंवा खोक्यात पाण्याची छोटी बाटली आली असेल तर तेच, निम्म्यापर्यंत घाला आणि जोरात हलवा. फेस बसू द्या. मग पातळी खुणेच्या खाली गेलेली दिसेल, तेव्हा बरोबर खुणेपर्यंत पाणी भरा. फेसालाच पाणी समजून थांबलात तर औषध दाट होतं. गरम पाणी कधीच नको, औषध खराब होतं. जमत नसेल तर मेडिकलमध्येच करून मागा, कुणी नाही म्हणत नाही. प्रत्येक वेळी देण्याआधी बाटली हलवायचीच, कारण औषध तळाला बसतं.

घरातला चमचा वापरू नका. एक चमचा दुसऱ्यासारखा नसतो. बरोबर आलेलं माप किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या. एकाच नावाच्या सिरपमध्ये 5 मिलीला 228 आणि 457 मिलीग्रॅम अशा दोन ताकदी मिळतात, त्यामुळे "तेच मागच्यासारखं" असं म्हणून उचलू नका, आकडा चिठ्ठीशी जुळवा. मुलाचा डोस वजनावर ठरतो. थोरल्याचं उरलेलं धाकट्याला द्यायचं नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं सिरप पाणी घातल्यावर फ्रीजमध्ये ठेवायचं आणि 7 दिवसांनी टाकून द्यायचं. बाकीच्या सिरपची मुदत बाटलीवर बघा. घरात फ्रीज नसेल तर हे औषध घेतानाच सांगा, डॉक्टरांना दुसरा पर्याय देता येतो.

वेळ, विसर आणि दारू

1-0-1 म्हणजे साधारण 12 तासांनी, 1-1-1 म्हणजे 8 तासांनी. सकाळी नऊ, दुपारी एक आणि संध्याकाळी सात अशा घाईत तिन्ही उरकून रात्र मोकळी सोडू नका. डोस विसरला तर आठवेल तेव्हा घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर तो सोडून द्या, आणि दोन एकदम कधीच नाहीत. अझिथ्रोमायसिनच्या तीन किंवा पाच गोळ्या बघून "एवढ्याच?" म्हणून वाढवू नका. ते औषध शरीरात बरेच दिवस टिकून काम करतं. मेट्रोनिडाझोलनं तोंडाला धातूसारखी चव येते, लघवी गडद होते, त्याला घाबरू नका. पण त्याच्यावर दारू नको, औषध संपल्यावर पुढचे दोन दिवसही नको. टिनिडाझोलला तीन दिवस. उलट्या, धडधड, चेहरा लाल होणं असा त्रास होतो.

महापुरात, 2019 आणि 2021 ला आपण पाहिलंच, जनावरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार, होऊ शकतो. त्यासाठी डॉक्सिसायक्लिन आरोग्य कर्मचाऱ्यांनी सांगितलं तर सांगतील तसंच घ्या. शेजाऱ्याच्या स्ट्रिपमधलं नको, आणि गरोदर बाईनं किंवा लहान मुलाला तर विचारल्याशिवाय मुळीच नको.

बाकीच्या गोळ्या न सांगणं

साखरेच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा को-ट्रायमोक्साझोल घेतलं तर साखर अचानक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ दिसला की लगेच साखर खायला द्या आणि डॉक्टरांना कळवा. हृदयाची झडप बदललेल्यांची रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मेट्रोनिडाझोलनं तिचा जोर वाढून रक्तस्राव होऊ शकतो. साठी ओलांडलेल्यांना सिप्रो किंवा लिव्होवर टाच दुखू लागली तर गोळी थांबवून त्याच दिवशी फोन करा, स्नायूबंध तुटण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोसच वेगळा लागतो. म्हणून डॉक्टरांपुढे बसल्यावर रोजच्या सगळ्या गोळ्या समोर ठेवा, आयुर्वेदिकसुद्धा.

ॲलर्जी विसरून जाणं

गोळी घेतल्यावर अंगावर गांध्या उठल्या, ओठ-पापण्या सुजल्या, दम लागला, आवाज बसला किंवा चक्कर आली तर 108 ला फोन करा. पुढची गोळी द्यायची नाही. पुरळाबरोबर फोड आले, तोंडात जखमा झाल्या, डोळे लाल झाले तरी तीच घाई करायची, मग औषध सुरू होऊन आठवडा का झालेला असेना. त्यातून बरं वाटल्यावर औषधाचं नाव, तारीख आणि काय झालं ते फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा, आणि कागदाचा एक तुकडा पाकिटात ठेवा. "मला कुठल्यातरी अँटिबायोटिकची रिॲक्शन आहे" एवढंच सांगितलं तर डॉक्टरांना अनेक चांगली औषधं बाजूला ठेवावी लागतात, आणि जे नको तेच चुकून दिलं जाण्याची भीतीही राहतेच.